भुईखालच्या बाबांची चुंबळ

एकदा काय झालं, भुईच्या पोटात आवाज झाला. घुर्रर्र... खडकावरून रिकामी बैलगाडी गेल्यासारखा. मी तेव्हा तुमच्याएवढा होतो. फळीवरची भांडी वाजली, म्हैस दावं तोडून पळाली आणि मी आईच्या कुशीत शिरलो. तेव्हा आईने मला जे सांगितलं, तेच सांगतो. पाय पांघरुणात घ्या. हं.

एक होता राजा. त्याच्या गावाचं नाव मातखेड. तिथले सगळेच डोक्यावर ओझी वाहणारे. कोणाची लाकडाची मोळी, कोणाचा गवताचा भारा. जड ओझं एकट्याने डोक्यावर चढत नाही, बरं का. मग माणूस वाटेत उभा राहायचा आणि म्हणायचा, "जरा हात लावता का?" असं कोणी म्हटलं, की जाणाऱ्याने थांबायचं. घोड्यावरच्या शिपायानेसुद्धा उतरायचं. नाही म्हणायचं नाही. अशी त्या गावाची रीत.

तर एक दिवस भुई हलली. गाडगी-मडकी फुटली. राजा म्हणाला, "भुई हलकी झाली आहे. तिच्यावर वजन ठेवा." दगड ठेवला की वस्तू हलत नाही, हे तर सगळ्यांना ठाऊक. मग गावाने दगड वाहिले आणि उगवतीला ढीग रचला.

मग भुई दुसऱ्यांदा हलली. भिंतींना भेगा गेल्या. राजा म्हणाला, "दगड कमी पडले." मग ढीग टेकडीएवढा झाला.

त्या ढिगाच्या पायथ्याशी हौसा कुंभारीण राहायची. घरात लेक बाळंतीण. पाळण्यात दहा दिवसांचं नातवंड, मुठी मिटून झोपलेलं.

मग भुई तिसऱ्यांदा हलली. ढिगावरून एक धोंडा सुटला, गडगडत आला आणि हौसाच्या उंबऱ्याशी थांबला. राजा म्हणाला, "अजून दगड आणा."

हौसाला रात्रभर झोप नाही. सकाळी ती माती आणायला खाणीवर गेली. बघते तर खाणीत भली मोठी भेग. आणि भेगेतून आवाज आला, "बाई, जरा हात लावता का?"

हौसा वाकली. खोल, खूप खोल एक म्हातारेबाबा उभे होते. पांढरी दाढी गुडघ्यापर्यंत. डोक्यावर काय? अख्खी भुई! आपली शेतं, नद्या, डोंगर, सगळं.

"अगं बाई! बाबा, हे कधीपासून?"

"कोण मोजतंय, लेकी."

"मग हलवता कशाला? माझी भरली भट्टी फुटली की!"

"मान अवघडते गं. मग या बाजूचं त्या बाजूला घेतो," बाबा म्हणाले. "पूर्वी हळूच जमायचं. हल्ली कोणी एकाच अंगाला वजन टाकतंय. ओझं कललंय. खाली चुंबळसुद्धा नाही, झिजून गेली. उद्या दुपारपर्यंत तग धरतो. पुढचं माझ्या हातात नाही."

चुंबळ म्हणजे काय? डोकं आणि ओझं यांच्यामध्ये ठेवतात ती कापडाची गुंडाळी. तिच्याशिवाय एक घागर वाहून बघा, म्हणजे कळेल.

हौसा पळत राजाकडे गेली. शिपाई हसले. "हौसाबाई, ऊन लागलं का डोक्याला?"

"माझ्या डोक्याचं राहू द्या," हौसा म्हणाली. "महाराज, नातवंड आहे हो घरात. एकदा येऊन ऐका."

राजा आला. भेगेशी वाकला. खालून आवाज आला, "जरा हात लावता का?" राजा झाला तरी मातखेडचाच माणूस तो. नाही कसा म्हणणार? त्याने मुकुट काढून गवतात ठेवला. म्हणाला, "बाबा, चुकलो. इतके दिवस तुमच्याच डोक्यावर दगड टाकत होतो."

मग पहिला दगड राजाने उचलला. मागे सगळा गाव. दगड जिथून आणले होते तिथे परत गेले. दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत ढीग सपाट झाला.

मग चुंबळ. बायकांनी लुगडी दिली, पुरली नाहीत. पुरुषांनी पागोटी दिली, पुरली नाहीत. मग राजाने वाड्यावरचं भलंमोठं निशाण उतरवलं. सगळ्यांचा मिळून पीळ घातला, गोल वळला आणि दोर लावून खाली सोडला.

बाबांनी चुंबळ डोक्यावर घेतली. ओझं सावरलं. हौसाने डोळे मिटले. आणि काय झालं? घागरीतलं पाणी जरासं हललं. नातवंडाचा पाळणा आपोआप झुलला. बस्स, एवढंच.

तेव्हापासून मातखेडची माणसं सकाळी भुईला हात लावतात आणि म्हणतात, "बाबा, आम्ही सुखात आहोत हो." तरी बाबांची मान कधीतरी अवघडतेच. मग भुई हलते. तेव्हा आपण मोकळ्यावर जाऊन बसायचं, पण बाबांवर रागवायचं नाही. एरवी किती दिवस ते हलत नाहीत, ते बघा की.

सगळे सुखी झाले. तुम्हीही झोपा आता, आपल्यालाही त्यांनीच धरलंय. काय? हौसाला काय मिळालं? सांगतो, पण डोळे मिटून ऐका. राजाने विचारलं, "हौसाबाई, तुला काय देऊ?" तेवढ्यात घरातून बाळ रडलं. हौसाने पदराला हात पुसले आणि ती घराकडे चालू लागली.