दशमीचा मका

“मग मी भूक जिंकली, असं का म्हणू नये, बाबा?”

विश्वंभरने हे विचारलं तेव्हा मठाच्या ओसरीवर पाच-सहा माणसं बसली होती. ती ऐकताहेत हे बघूनच त्याने विचारलं.

चार महिने झाले, चार घासांत त्याचं पोट भरत होतं. कफनी अंगावर लोंबू लागली होती. लोक वाकून नमस्कार करत आणि त्याला ते आवडे. वैराग्याचासुद्धा तोरा असतो.

मठाचे गोपाळगिरी बाबा त्याच्या लोंबत्या कफनीकडे बघत राहिले…

द्वादशीची सकाळ. उपवास सोडायला विश्वंभर पानावर बसला. दोन घास गेले आणि उठून तो अंगणात धावला. भडभडून उलटी झाली.

माणसांनी नाकाला पंचे लावले. बाबा मात्र काठी टेकत गेले आणि वाकून बघू लागले.

“हे दाणे कसले?”

“मक्याचे.”

“मका कधी शिजला होता?”

“दशमीला… दुपारी.”

“आणि काल काय खाल्लंस?”

“काल एकादशी! पाण्याचा थेंबही घेतला नाही.”

“मग उपवास कुठे घडला? पोट तर भरलेलं होतं.”

ओसरीवर कुणीतरी फिस्सकन हसलं. विश्वंभरचे कान लाल झाले.

“आजच जिल्ह्याच्या इस्पितळात चल. पोटात दुर्बीण घालून बघतात, ते बघू दे.”

“मी नाही येणार. देह म्हणजे भाड्याचं घर.”

“भाड्याच्या घराला आग लागली तर भाडेकरू आत भजन करत बसतो?”



बाबांनी बेलाखालच्या समाधीकडे काठी केली.

“ते माझे गुरुबंधू. त्यांनाही असंच दोन घासांत पुरे व्हायचं. आम्ही सिद्ध म्हणून हार घातले. जठराच्या खालच्या तोंडाशी कॅन्सर दडला होता. दुखत नव्हता, हाताला लागत नव्हता. अन्न पुढे सरकत नव्हतं, एवढीच खूण… आणि आम्ही तिची आरती केली.”

बाबांचा आवाज फाटला. एवढ्या वर्षांत तो कुणी फाटलेला ऐकला नव्हता.

“तुला तेच असेल असं नाही. पण बघितल्याशिवाय मी तुला हार घालणार नाही.”

विश्वंभर अजून हटेना.

“चातुर्मास आहे, बाबा. वेशीबाहेर पाऊल टाकायचं नाही. नेम तुमचाच आहे.”

एकतीस वर्षं बाबांनी तो पाळला होता. सख्खी बहीण गेली तेव्हाही ते वेशीच्या आतच उभे राहिले होते.

बाबा चालू लागले. मागून विश्वंभर, त्याच्यामागून ओसरीवरची सगळी माणसं. वेशीच्या दगडापाशी ते थांबतील असं प्रत्येकाला वाटलं.

ते थांबले नाहीत. रस्त्यावर जाऊन त्यांनी येणाऱ्या एसटीला काठी आडवी केली.

“बाबा! तुमचा नेम मोडला!” वेशीच्या आतून विश्वंभर ओरडला.

“मोडला. देव जाब विचारायला आला तर त्याला माझ्याकडे पाठव… तू आधी गाडीत चढ.”