दोन गाड्या आणि एक इंजिन

कृष्णेकाठच्या एका गावात दोन शेजारी गल्ल्यांमध्ये दोन जुन्या मोटारगाड्या उभ्या होत्या. दोन्ही एकाच बनावटीच्या, एकाच सालच्या. कधीकाळी एका संस्थानाच्या कचेरीसाठी त्या जोडीने आणल्या होत्या, असं म्हातारी माणसं सांगत. पुढे संस्थान गेलं, गाड्या हातोहात फिरल्या, गंजल्या, आणि शेवटी दोन हौशी माणसांच्या दारी येऊन थांबल्या.

एक गाडी शिरगुप्पे आण्णांची. आण्णांची पिठाची गिरणी होती. यंत्राशी त्यांचा हात लहानपणापासून बसलेला. दुसरी टेंबे मास्तरांची. मास्तर हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. घरी एकटेच असत. त्यांनी गाडीच्या प्रत्येक तारेचा नकाशा वहीत काढला होता.

आण्णांच्या गाडीचं इंजिन ठणठणीत होतं, पण गिअरबॉक्सचे दात मोडले होते. मास्तरांचा गिअरबॉक्स नवा असावा तसा फिरे, पण इंजिनच्या ब्लॉकला आडवा तडा गेला होता. वरून पाणी ओतलं की खालून गळायचं.

दोघांची खरी ओळख कोल्हापूरच्या भंगार बाजारात झाली. दोघंही एकाच ढिगाऱ्यात आपल्या गाडीचे भाग शोधत होते. मग काय, दोन वर्षं दोघांची रोज ऊठबस. आण्णांनी मास्तरांना दाराच्या बिजागऱ्या करून दिल्या. मास्तरांनी आण्णांच्या गाडीतलं बंद पडलेलं घड्याळ चालू केलं. रविवारी दोघं मिळून पत्रा घासायचे. आण्णांच्या बायकोने, मालतीअक्कांनी, दोन्ही गाड्यांच्या सीटची कव्हरं एकाच कापडातून शिवली.

हळूहळू सगळं जागेवर आलं. उरले ते दोनच भाग. ते कोल्हापुरात मिळेनात, पुण्यात मिळेनात. मुंबईला पत्रं धाडली, तिकडूनही नकार आला. दुसऱ्या बनावटीच्या गाडीचा भाग बसवायचा नाही, हे तर दोघांनी आधीच ठरवलं होतं.

एके दिवशी आण्णा म्हणाले, "मास्तर, तुमचा गिअरबॉक्स मला द्या. एक गाडी तरी रस्त्यावर येईल."

मास्तर म्हणाले, "मीही तेच म्हणणार होतो. तुमचं इंजिन मला द्या."

दोघं हसले. पण हसून झाल्यावर आपला भाग काढून द्यायला कुणीच उठलं नाही. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट पुन्हा निघाली, तिसऱ्या दिवशीही. आण्णांना वाटे, गाडी चालते ती इंजिनावर, तेव्हा मान माझ्या गाडीचा. मास्तरांना वाटे, एवढा अभ्यास मी केला, तेव्हा हक्क माझा. महिन्याभरात बोलणं तुटलं.

त्यानंतर आठ वर्षं गेली.

आण्णांनी आपल्या गाडीला गर्द हिरवा रंग दिला. पाण्याच्या पॉलिश पेपरने घासून, पुन्हा रंग मारून, असे रंगाचे सात हात दिले. दर रविवारी सकाळी ते शेड उघडत आणि इंजिन चालू करत. इंजिन घुमे. दहा मिनिटांनी ते बंद करून आण्णा शेडला कुलूप लावत. गाडी टीचभरही पुढे गेलेली नसे.

पलीकडच्या गल्लीत मास्तर तो आवाज ऐकत. मग आपल्या गाडीत जाऊन बसत. क्लच दाबत, गिअरचा दांडा पहिल्यात टाकत, दुसऱ्यात, तिसऱ्यात. सगळे गिअर लोण्यासारखे पडत. गाडी मुकी उभी असे.

एकदा मालतीअक्का डोळे दाखवायला मिरजेला गेल्या. दवाखान्याच्या बाकावर मास्तर बसले होते. अक्का त्यांच्याशी कधीच बोलायच्या थांबल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, "मास्तर, तुमचंही मोतीबिंदूचं का?"

"मोतीबिंदू असता तर बरं झालं असतं," मास्तर म्हणाले. "आतला पडदा झिजत चाललाय. आज नजर पुरेशी आहे. डॉक्टर म्हणतात, दीड-दोन वर्षांनी नसेल."

"आणि औषध?"

"थोडा वेळ लांबवता येतं, एवढंच. आण्णांना सांगू नका."

अक्कांनी घरी येऊन त्याच दिवशी आण्णांना सांगितलं. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्यापासून एवढी मोठी गोष्ट कधी लपवली नव्हती.

मास्तरांबद्दल आण्णांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण त्या वाईट वाटण्याच्या मागून दुसराच एक विचार आला, आणि तो त्यांच्या तोंडून निघून गेला.

"म्हणजे मास्तरांना आता गाडीचा काही उपयोग नाही. दोन वर्षं कळ काढली की गिअरबॉक्स आपोआप आपल्याकडे येईल."

अक्का शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. त्या म्हणाल्या, "मग थांबा. त्यांचे डोळे जायची वाट बघा."

अक्का तेवढंच बोलल्या आणि सूप घेऊन आत गेल्या.

रविवारी आण्णांनी नेहमीप्रमाणे इंजिन चालू केलं. बॉनेटवर हात ठेवून ते ऐकत उभे राहिले. आतापर्यंत या आवाजाने त्यांना अभिमान वाटायचा. त्या दिवशी त्यांना कळलं, की हा आवाज आपण आठ वर्षं एका माणसाला ऐकवतोय. आणि तो ऐकतोय, हे आपल्याला ठाऊक होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. ते थंड होईपर्यंत आण्णा पायरीवर बसले. मग पाने काढले आणि पहिला बोल्ट सैल केला.

चार दिवसांनी मास्तरांच्या दारात टेम्पो उभा राहिला. वर गोणपाटात गुंडाळलेलं इंजिन होतं, आणि शेजारी दोर धरून आण्णा बसले होते.

मास्तर बाहेर आले. "गिअरबॉक्स न्यायला आलात?"

"नाही. इंजिन द्यायला आलोय."

मास्तरांचा चेहरा उतरला. "अक्का बोलल्या वाटतं. आण्णा, मला दया नको."

"दया नाही मास्तर. नुसती दया असती तर विचारपूस करून परत गेलो असतो."

"मग मी गिअरबॉक्स काढून देतो. तुमच्या गाडीत बसवू. तिचा रंग किती सुंदर झालाय."

आण्णा टेम्पोतून खाली उतरले. "मला अजून दिसतंय," ते म्हणाले. "आधी तुमची."

मास्तर आत गेले आणि नकाशांची वही घेऊन आले.

तीन महिने दोघांनी काम केलं. साखळीच्या कप्पीने इंजिन उचललं, तीनदा बसवलं, तीनदा काढलं. बारीक काम हाताला आलं की मास्तर डोळे चोळत आणि पाना आण्णांकडे देत. आण्णांना तारांचा घोळ कळेनासा झाला की मास्तर वही न उघडता सांगत, "लाल तार डावीकडे. तिच्या खाली पिवळी." आधी ब्रेक पूर्ण नवे केले. बाजारच्या रिकाम्या मैदानात ते वीस वेळा तपासले. मगच गाडी रस्त्यावर काढली.

पहिल्या दिवशी मास्तर स्टिअरिंगवर बसले, आण्णा शेजारी आणि अक्का मागे. गाडी गल्लीच्या तोंडाशी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली ती उसाच्या फडांमधून थेट नदीच्या पुलापर्यंत गेली. दुसरा गिअर टाकताना ती थोडा हिसका देई, पण तिसऱ्यात पडली की शांत व्हायची. पुलावर मास्तरांनी गाडी उभी केली. बराच वेळ त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. आण्णांनीही त्यांना उतरा म्हटलं नाही.

मग मास्तर रोज गाडी काढू लागले. सकाळी उजाडल्यावर निघायचे आणि ऊन चढायच्या आत परत यायचे. डॉक्टरांनी घालून दिलेली ही मर्यादा त्यांनी कधी मोडली नाही. ते बाजारात जात, शाळेवरून चक्कर मारत. जुने विद्यार्थी रस्त्यात थांबून बघत. "मास्तरांची गाडी," असं सगळा गाव म्हणू लागला.

इंजिन कुणाचं, हे कुणी विचारत नव्हतं आणि आण्णा सांगत नव्हते. पण माणूस म्हटल्यावर मन आहेच. शेडमध्ये त्यांची हिरवी गाडी बिनइंजिनाची उभी होती. बॉनेट उघडलं की आत नुसती पोकळी दिसे. रविवारी सकाळी काय करावं, ते त्यांना सुचेनासं झालं होतं. एकदा ते त्या गाडीत नुसतेच बसलेले अक्कांनी पाहिले.

"वाईट वाटतंय?" अक्कांनी विचारलं.

"वाटतंय."

"मग?"

"वाटू दे," आण्णा म्हणाले, आणि फडक्याने काच पुसू लागले.

असे चौदा महिने गेले.

एका सकाळी मास्तरांची गाडी आण्णांच्या दारात थांबली. इंजिन बंद झालं. मास्तर उतरले आणि भिंतीला हात लावून उभे राहिले.

"आण्णा, मघाशी वळणावर म्हैस होती," ते म्हणाले. "मला दिसली नाही. गळ्यातली घंटा ऐकून ब्रेक मारला."

"लागलं कुणाला?"

"नाही. पण माझं झालं. परवाच डॉक्टर म्हणाले होते, आता थांबा. मी म्हटलं, आठवडाभर अजून. तो आठवडा मी घ्यायला नको होता." त्यांनी किल्ली पुढे केली. "उद्यापासून तुम्ही चालवा."

"गाडी तुमची आहे, मास्तर."

"मग असं समजा की मी ड्रायव्हर ठेवलाय. पगार मागू नका."

आण्णा हसले नाहीत. त्यांनी किल्ली घेतली, मास्तरांचा हात धरून त्यांना शेजारच्या सीटवर बसवलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसले. या बनावटीची गाडी आपल्या हाताने चालवायची म्हणून त्यांनी अकरा वर्षं वाट पाहिली होती.

त्यांनी गाडी रस्त्यावर घेतली. दुसरा गिअर टाकताना दात खरखरले.

"घाई करताय," मास्तर म्हणाले. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. "क्लच दाबा. इंजिनचा आवाज खाली उतरू द्या. अजून नाही. अजून थोडं. हं, आता."

गिअर अलगद पडला. जराही हिसका बसला नाही.

उसाचे फड मागे पडत गेले. आण्णा दिसेल ते सांगत गेले. डावीकडे तोड चाललीय, पुढे बैलगाडी आहे, नदीला पाणी बरंच उतरलंय. मास्तर मान डोलावत होते. पूल जवळ आल्यावर आण्णांनी वेग कमी केला.

"मास्तर, एक विचारू? तेव्हाच मी इंजिन दिलं असतं तर?"

"तर मी नऊ-दहा वर्षं गाडी चालवली असती," मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "आणि मी गिअरबॉक्स दिला असता तर तुम्ही चालवली असती. वाट बघण्यात आपण दोघंही हुशार निघालो."

आण्णांनी मान हलवली. मग मास्तरांना ते दिसलं नसेल असं वाटून ते मोठ्याने म्हणाले, "खरं आहे." आणि त्यांनी गाडी पुलापलीकडे नेली.

तात्पर्य: जे आपल्यापाशी पडून आहे आणि दुसऱ्याच्या उपयोगाचं आहे, ते त्याला वापरता येतंय तोवर द्यावं. त्याच्या हातून सुटेल म्हणून टपून बसणाऱ्याला वस्तू मिळते, पण सोबतीला माणूस मिळत नाही. आणि उशिरा दिलं तरी चालतं, मात्र गेलेली वर्षं कुणालाच परत देता येत नाहीत.