गुरुजींशेजारचा पाट

एकदा एका नदीकाठच्या पाठशाळेत एक बुद्धिमान शिष्य राहत होता. बारा वर्षे त्याने संथा घेतली होती. गुरुजींनी एकदा म्हणावे, शिष्यांनी दोनदा म्हणावे, ही तिथली रीत. आणि याच्या म्हणण्यात कधी मात्रेचीही चूक नसे. तरीही पंगतीत गुरुजींशेजारचा पाट त्याला मिळाला नव्हता. त्यावर त्र्यंबक बसे.

त्र्यंबकही त्याच्याच वयाचा. आज आपण त्याला स्वमग्न म्हटले असते. तेव्हा लोक पोपट म्हणत. कधीकाळी ऐकलेली वाक्ये तो जशीच्या तशी बोले. भूक लागली की म्हणे, "या, हातपाय धुऊन घ्या." स्वतःला 'मी' न म्हणता 'त्र्यंबक' म्हणे. त्या पाटावर बसणाराच पुढे पाठशाळा चालवणार, असे शिष्याने मनाशी पक्के धरले होते, आणि त्र्यंबकच्या बोलण्यावर गुरुजी हसले की याच्या घशाखाली घास उतरत नसे.

एके दिवशी पंगतीला पाहुणे होते. शिष्याने मुद्दाम मोठ्याने विचारले, "काय रे, तू कोण?"

"तू कोण?" त्र्यंबक म्हणाला. पंगत हसली. हसणे वाढले तसे त्याने कान झाकून घेतले आणि तो ओरडू लागला, "झाकण काढ गं, उकळी आली! उकळी आली!" मग तर लोकांची हसून मुरकुंडी वळली.

गुरुजी रागावले नाहीत. दुसऱ्या सकाळी त्यांनी शिष्याला बोलावले. "आज दिवसभर फक्त स्वतःचं बोल. आधी कुणी बोललेलं वाक्य तोंडातून काढू नकोस. जमलं तर संध्याकाळी तो पाट तुझा."

शिष्याला आभाळ ठेंगणे झाले. पण सूर्य पाहताच ओठांवर श्लोक आला, तो गिळला. दारी कुणी आले, तर "या, बसा" हे वडिलांचे. पायाला ठेच लागली, तर "आई गं" हे साऱ्या जगाचे! दुपारपर्यंत तो मुका झाला. दिवस कलताना गुरुजींसमोर बसला आणि त्याला रडूच फुटले.

"गुरुजी, मला त्याचा हेवा वाटतो. त्याच्याकडे बघून हसता, तसं माझ्याकडे बघून तुम्ही कधी हसला नाहीत."

"हे तुझं," गुरुजी म्हणाले.

"यातला एक शब्द तरी माझा आहे का?"

"शब्द कुणाचेच नसतात रे. पोटातलं सांगायचं होतं, हाताशी आले ते शब्द तू उचललेस. तोही तेच करतो. उकळी आली, हे त्याची आई चुलीपाशी म्हणायची. गलका झाला की त्याच्या डोक्यात तशीच उकळी फुटते. 'मी' म्हणत नाही म्हणून तो आत नाही, असं समजलास? काल तो जीव तोडून सांगत होता, आणि तुम्ही हसत होतात."

शिष्याची मान खाली गेली.

"आणि तो पाट भिंतीकडचा आहे. तिथं गलका कमी ऐकू येतो, म्हणून मी त्याला तिथं बसवतो. पाठशाळा तुझ्याच हाती द्यायची, हे मी कधीच ठरवलं होतं. काल मात्र मला भीती वाटली. ज्याला शेजारच्याचं दुःख ऐकू येत नाही, त्याच्या ओटीत परक्यांची मुलं कशी घालू?"

हेवा एका दिवसात जात नाही; त्याचाही गेला नाही. पण त्या संध्याकाळी पंगतीत पोरांचा कलकलाट सुरू झाला आणि त्र्यंबकचे हात कानांकडे जाऊ लागले, तेव्हा शिष्य आपल्या पाटावरून उठला. "हळू बोला," तो सर्वांना म्हणाला. "त्याला त्रास होतोय."

माणूस तेच ते बोलत असेल, तर ते कुणाचे वाक्य आहे हे विचारू नये. ते त्याने आत्ता का म्हटले, एवढे पाहावे.