तगरीच्या दोन पाकळ्या

“मग तो कण गेला तरी कोणत्या फटीतून?” धाकूबुवांनी विचारलं.

“तेच तर कळत नाही, बुवा,” वसुधाबाई म्हणाल्या.

“फटी दोन. कण एक. उजवीतून गेला असेल, नाहीतर डावीतून.”

“तसं धरलं तर पलीकडच्या पडद्यावरची नक्षी जमत नाही. एकेक कण सोडला, तरी हळूहळू पट्ट्यापट्ट्यांची नक्षी उमटते. जणू प्रत्येक कण दोन्हींतून गेला. आणि कुठून जातो ते बघायला फटीपाशी पहारा ठेवला, की…”

“की काय?”

“नक्षीच नाहीशी होते.”

बुवा गालात हसले. “लाजाळू आहे म्हणायचा.”

ते तगरीच्या पाकळ्या सुट्या करून तांब्यातल्या पाण्यात टाकत होते. ऐंशी उलटली होती, पण बोटं थरथरत नव्हती.

खाडीकाठच्या त्या देवाचे ते गुरव. देवाला ना गाभारा, ना दार. सुरंगीच्या झाडाखाली एक काळा पाषाण उभा, एवढंच. त्याच्या दोन खांद्यांवर ओल्या पाकळ्या लावून बुवा गाऱ्हाणं घालायचे. उजवी आधी पडली तर होकार, डावी आधी पडली तर नकार. देवाचा हा कौल गाव मान खाली घालून घेत असे.

समोर बसलेल्या वसुधाबाई तेरसे मात्र कौल मानत नव्हत्या. त्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. आल्या आल्याच बुवांना म्हणाल्या होत्या, “ओली पाकळी चिकटते, वाळली की गळते. यात देव कुठे आला?”

“वाळेपर्यंत येतो,” बुवा म्हणाले होते, आणि त्यांच्या शास्त्राची चौकशी करू लागले होते.

बाई आल्या होत्या त्या दिलेल्या शब्दाखातर.

त्यांचे यजमान श्रीधर जहाजावर इंजिनियर होते. बारा वर्षांपूर्वी वादळात जहाज बुडालं. वाचलेल्यांची एक यादी आली, गेलेल्यांची दुसरी. श्रीधर कोणत्याच यादीत नव्हते.

येत्या अमावास्येला बारा वर्षं पुरी होत होती. धाकटे दीर म्हणाले, “वहिनी, आता दर्भाचा पुतळा करून त्याची क्रिया करू. त्याला मोकळं करू.”

बाईंनी बरेच दिवस उत्तर दिलं नाही. मग एकदा, दमूनच असेल, म्हणून गेल्या, “कौल निघेल तसं करू.”

दीर पलीकडे पारावर बसले होते. इकडे पाहायचं टाळत होते.

“तुमच्यातले मोठे लोक काय सांगतात?” बुवांनी विचारलं. “त्या कणाचं?”

“त्यांचं एकमत नाही. एक म्हणतात, बघण्याआधी उत्तर नसतंच. कण इथे की तिथे, हे आपण विचारल्यावर ठरतं.”

“बरं.”

“दुसरे म्हणतात, कण एकाच फटीतून जातो. सोबत एक लाट असते, ती दोन्ही फटींतून जाते आणि त्याला वाट दाखवते. त्याचं सगळं आधीच ठरलेलं असतं. आपल्याला तेवढं ठाऊक नसतं.”

“आणिक कोणी?”

“तिसरे म्हणतात, दोन्ही घडतं. जगाला फांद्या फुटतात. एका जगात उजवी, एका जगात डावी. फक्त… या फांदीवरून त्या फांदीवर जाता येत नाही.”

“मग तिघांच्या पडद्यावर नक्षी निराळी येत असेल.”

“नाही. नक्षी तीच.”

“मग भांडण कशावरून?”

“नक्षी सोडून बाकी सगळ्यावरून.”

आता दोघंही हसले. पारावरून दिरांनी एकदा मान वळवून पाहिलं.

“तुम्ही कोणाच्या बाजूच्या?”

“वर्गात तिघांच्या.”

“आणि घरी?”

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. सोडलं. पुन्हा गुंडाळलं.

“घरी… दिवस बघून. भावोजी समजूत घालतात, तेव्हा दुसऱ्यांचं पटतं. जे व्हायचं ते त्याच दिवशी होऊन गेलं, मलाच काय ते ठाऊक नाही. दारावर कोणी थाप दिली, की कडी काढेपर्यंत पहिल्यांचं खरं वाटतं. अजून काही ठरलेलं नाही.”

“आणि तिसऱ्यांचं?”

“संकष्टीला.”

बुवांनी हातातली पाकळी तांब्यात सोडली.

“सासूबाईंनी यांच्यासाठी धरली होती. त्या गेल्या, मग ती मोडवेना. चंद्र दिसला की नैवेद्य दाखवते आणि दोन ताटं घेते. वाटतं, कुठल्यातरी जगात आत्ता तेही हात धुऊन पाटावर बसले असतील. मोदक गरम आहे म्हणून फुंकत असतील. आणि तिथली वसुधा तूप वाढताना कुरकुरत असेल, की किती हा उशीर…”

खाडीवरून वारा आला.

“तिला माझी आठवण असायचं काही कारणच नाही,” बाई म्हणाल्या.

बुवा उठले. तांब्यातून दोन पाकळ्या काढल्या, झटकल्या आणि पाषाणाच्या खांद्यांवर नुसत्या टेकवल्या. तोंडाने काही बोलले नाहीत. परत येऊन बसले.

थोड्याच वेळात उजवी गळली.

बाई जागच्या जागी ताठ झाल्या.

“म्हणजे… होकार?”

“कशाला होकार? मी काही विचारलंच कुठे?”

बाईंचा श्वास सुटला. मग त्या चिडल्या. “थट्टा करता का बुवा, माझी?”

“तुम्ही कौल मानत नाही ना, बाई? मग दचकलात कशाला?”

बाईंनी गळलेल्या पाकळीकडे पाहिलं.

“आता नीट लावतो,” बुवा म्हणाले. “आज गाऱ्हाणं मी घालणार नाही. विचारायचं ते तुम्ही विचारा. आणि एक. पाकळी लागली की तिला हात लावायचा नाही. मीसुद्धा लावत नाही.”

त्यांनी दोन ताज्या पाकळ्या चांगल्या भिजवून लावल्या. पाण्याचा ओघळ पाषाणावरून खाली आला.

वसुधाबाई उभ्या राहिल्या. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा त्यांचा आवाज देवापर्यंतही पोचेना.

“यांची क्रिया… करू का?”

ऊन सुरंगीतून उतरून पाषाणाच्या पायाशी आलं. बुवांनी डोळे मिटले होते. बाईंची नजर पाकळ्यांवरून हलत नव्हती.

उजव्या पाकळीची कड सुटली. किंचित वर वळली. वाऱ्याने हलली.

बाईंनी तांब्यात बोटं बुडवली आणि उजव्या पाकळीवर पाणी शिंपडलं.

कड पुन्हा बसली.

त्या तशाच उभ्या राहिल्या. मग पुन्हा बोटं बुडवली आणि डावीवरही पाणी शिंपडलं.

वळून पाहतात, तर बुवांचे डोळे उघडे.

“मी…” बाईंच्या बोटांवरून पाणी ठिबकत होतं. “प्रयोग बिघडवला मी, बुवा. बावीस वर्षं मुलांना शिकवते, की…”

“डावीवर का शिंपडलंत?” बुवांनी विचारलं.

“एकीलाच दिलं असतं तर ते खोटं झालं असतं.”

पारावरून हाक आली. “वहिनी, झाला का कौल?” दिरांचा आवाज फाटला होता. “मलाही माझा भाऊ हवाच आहे हो. पण कुठेतरी… संपायला हवं ना.”

बाईंनी बुवांकडे पाहिलं.

बुवांनी तांब्या उचलला. आत किती पाणी उरलंय ते पाहिलं. आणि तो परत वसुधाबाईंच्या पायाशी ठेवला.

“जा, सांगा त्यांना,” ते म्हणाले. “पाकळ्या अजून ओल्या आहेत.”