खवट तुपाचा रांजण

फार पूर्वी वेत्रवतीच्या काठी सुषेण राजाचे नगर होते. त्या काळी बोधिसत्त्वाने तुपाचा व्यापार करणाऱ्या घराण्यात जन्म घेतला होता. त्याचे नाव उत्तरक.

एका वर्षी नगरातले सगळे तूप खवट होऊ लागले. गिऱ्हाईक तोंड वाकडे करू लागले की व्यापारी आधी माल आणणाऱ्याकडे बोट दाखवतो. ही रीत आजची नाही. तूप डोंगरातल्या गवळ्यांकडून येई. व्यापाऱ्यांचा मुखिया पिंगल दरबारात म्हणाला, "महाराज, गवळी भेसळ करतात." राजाने गवळ्यांचा नायक वच्छक याला कोंडले. पौर्णिमेला त्याचा हात तोडायचा आणि मग सैन्य पाठवून डोंगरावरची कुरणे घ्यायची, असे ठरले.

उत्तरकाला मात्र कुतूहल वाटले. भेसळ असेल, तर ती कसली? तो बंदिशाळेत गेला.

वच्छक म्हणाला, "शेठ, हेच तूप आमची पोरं खातात. पावसाळाभर टिकतं. मडकं धुवायचं, उन्हात तापवायचं, मग भरायचं."

"दर वेळी धुता?"

"म्हणजे? तुम्ही धूत नाही?"

नगरातले व्यापारी रांजण कधीच पुरता रिकामा करीत नसत. तळाशी ओंजळभर जुने तूप ठेवायचे, नाहीतर लक्ष्मी जाते, अशी आजोबा-पणजोबांपासूनची समजूत. त्यावरच नवे ओतायचे.

घरी येऊन त्याने वच्छकाने आणलेले ताजे तूप थोडे कोऱ्या मडक्यात आणि थोडे आपल्या रांजणात ओतले. काही दिवसांत रांजणातले खवटले. मडक्यातले होते तसेच राहिले. मग त्याने लांब दांड्याची पळी तळाशी घातली. वर आले ते काळे होते. वासाने घरची मांजरेसुद्धा पळाली.

पौर्णिमेला तो ती पळी घेऊन दरबारात उभा राहिला आणि झाले ते सांगितले.

"उत्तरका," पिंगल कडाडला, "आजोबांच्या पुण्याईत पळी घातलीस?"

"घातली, पिंगलकाका. पुण्याई फार खोल निघाली."

दरबार हसला. राजा मात्र हसला नाही. "म्हणजे सगळ्याच व्यापाऱ्यांचे रांजण असे आहेत?"

"ते मला ठाऊक नाही, महाराज. मी माझ्याच रांजणात पाहिलं."

राजा उठून एकटाच आपल्या तुपाच्या कोठारात गेला. परतला तेव्हा शेला नाकाला होता. "वच्छकाला सोडा," तो म्हणाला, "आणि सेनापतीला म्हणावं, घोड्यांची जिनं उतरवा."

उत्तरकाची गिऱ्हाइके काही काळ तुटली. जो आपला दोष बोलतो, त्याच्याकडून लोक आधी घेत नाहीत. पण त्याच पौर्णिमेच्या संध्याकाळी नदीवर मोठमोठे व्यापारी आपापला रांजण घासत होते आणि कोणी कोणाकडे पाहत नव्हते. सर्वांत शेवटी, चेहरा झाकून, पिंगल आला. उत्तरकाने काही न बोलता त्याला राख आणि काथ्या दिला.

तेव्हाचा पिंगल म्हणजे या जन्मी विहारात इतरांच्या चीवरांवरचे डाग मोजत हिंडणारा भिक्षू. वच्छक म्हणजे ज्याच्यावर त्याने आळ घेतला तो नवा श्रामणेर, नुकती दीक्षा घेतलेला. राजा तो शास्त्यांचा शिष्य आनंद, आणि उत्तरक म्हणजे ही कथा सांगणारे स्वतः शास्ता, भिक्षूंचे गुरू. माणसाने, संघाने, राज्याने दुसऱ्यावर बोट उचलण्याआधी स्वतःत पाहावे. या गुणाला आत्मपरीक्षण म्हणतात.