माळ्यावरची पेंड

माणसं गुरांशी बोलत आणि गुरंही उत्तरं देत, त्या काळची ही गोष्ट.

पोवळ्या बैल सोनबाचा तेलघाणा ओढायचा. त्याच्या वाट्याची थोडी पेंड सोनबा रोज घाण्याच्या माळ्यावर ठेवायचा आणि म्हणायचा, "ही तुझ्या म्हातारपणाची." पोवळ्या निर्धास्त होता.

त्याचे गुडघे थकले आणि नेमका तेव्हाच सोनबा घाणा विकून परगावी गेला. पोवळ्याने नव्या धन्याकडे, भिवाकडे, आपली पेंड मागितली.

"घाणा मी माळ्यासकट घेतलाय," भिवा म्हणाला. "ती पेंड आता माझी. तू काम कर, तुझ्यासाठी पुन्हा साठवीन. विश्वास नाही का?"

"सोनबाही मनापासूनच बोलायचा. पण माळा त्याचा होता, माझा नव्हता. माझा वाटा रोज मला दे. कुठे साठवायचा ते मी बघेन."

भिवाने ओढलं, दटावलं, तरी पोवळ्या जागचा हलला नाही. दारात भुईमुगाच्या गोण्या घेऊन गिऱ्हाईकं खोळंबली होती. शेवटी भिवाने पाटीभर पेंड पुढ्यात ठेवली.

पोवळ्याने अर्धी खाल्ली. उरलेली पाटी तोंडात धरून तो टेकडी चढला, कुणाच्याच मालकीची नसलेल्या कपारीत ती ठेवली आणि दुखऱ्या गुडघ्यांनिशी परत येऊन त्याने जुवाखाली मान दिली.