घोंगडी आणि दरवाजा

गडाच्या देवडीवर रुमाजी नाईक पंचवीस वर्षं पहाऱ्याला होता. उजाडलं की त्याचे दहाही पहारेकरी घोंगड्या झटकून घड्या घालत आणि कोपऱ्यात रचून ठेवत. मगच रुमाजी अडसर काढून दरवाजा उघडी.

देवडीला लागूनच राहणारे नवे किल्लेदार त्र्यंबकराव मात्र उन्हं वर येईपर्यंत लोळणारे. घोंगड्या झटकण्याच्या आवाजाने त्यांची झोपमोड झाली, तसे ते तणतणत बाहेर आले.

"रात्री पुन्हा पसरायच्याच आहेत, तर सकाळी आवरता कशाला? असली रिकामी कामं आजपासून बंद! पुन्हा कुणी केली, तर त्याची चाकरी गेली म्हणून समजा."

"जशी आज्ञा," रुमाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सरकारांची पालखी गड पाहायला आली, तर दरवाजा बंद! आत पहारेकरी पसरलेल्या घोंगड्यांवर जांभया देत बसलेले. किल्लेदार पागोटं सावरत धावत आले.

"नाईक, दरवाजा का उघडला नाही?"

"संध्याकाळी पुन्हा लावायचाच आहे, सरकार. रिकामं काम करून चाकरी कोण घालवील?"

"अरे शहाण्या, दरवाजा उघडल्याशिवाय गडाचा दिवस सुरू कसा होणार?"

"घोंगडीची घडी घातल्याशिवाय माझ्या माणसांचाही होत नाही, सरकार," रुमाजी शांतपणे म्हणाला.

बाहेरून पालखीचे भोई हाका मारू लागले. किल्लेदारांनी एकदा दरवाजाकडे पाहिलं. मग खाली वाकून पायाशी पडलेली घोंगडी स्वतःच उचलली आणि झटकली.

रुमाजीने अडसराला हात घातला.